ताटाळ्यात सहा

ताटं आज खाली, परातीत.
ताटाळ्यात उभ्या आहेत भाईंच्या तबकड्या,
निथळत,
काळ्या, आणि प्रत्येकीच्या कडेला
उजेडाची एकच बारीक रेघ.

माहीमच्या हवेत कोरडं काही राहत नाही.
मीठ ओलं, काडेपेटी ओली,
आणि कपाटात बंद पडलेल्या गाण्यांवर पांढरी नक्षी.
बुरशी.
मी दचकले नाही. बुरशी मला नावानिशी ठाऊक आहे.
एकतीस वर्षं इस्पितळाच्या लॅबमध्ये
काचपट्ट्या पुसल्या,
परक्यांच्या गाठी मेणात बसवून कापल्या
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.

तर पद्धत अशी.
बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर,
त्यात भांड्यांच्या साबणाचे दोनच थेंब.
मधल्या कागदी लेबलावर
श्रीखंडाच्या डब्याचं झाकण दाबून धरायचं
(अर्ध्या किलोचं बरोब्बर बसतं),
जुन्या मलमलीचा बोळा,
आणि हात फिरवायचा तो गाण्याच्या वळणानं.
आडवा कधीच नाही.
हे मटण स्ट्रीटच्या हातिमनं सांगितलं, नवी सुई देताना.
पैसे दोनदा मोजले आणि वर म्हणाला,
"बाई, घासू नका. समजूत काढा."

समोर टॉवर उठतोय.
त्याची सिमेंटची पूड रोज थोडी थोडी
आमच्याकडे राहायला येते.
पाणी तीनदा बदललं. तीनदा राखाडी.

सातवी हातात घेतली आणि थांबले.
हीच ती.
दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, दुसरं कडवं,
तिथे गाणारी बाई एकाच शब्दावर फिरत राहायची
दारात चप्पल शोधणाऱ्या पाहुण्यासारखी.
मग भाई आरामखुर्चीतून उठत,
चार पावलं, डावा पाय जरा घासत,
आणि बोटानं सुई पुढे ढकलत.
आम्ही मुलं ते गाणं म्हणायचो तेही तसंच :
अडखळून, चार पावलं मोजून, मग पुढचं.
कुमुदनं शाळेच्या गॅदरिंगमध्ये तसंच म्हटलं.
बक्षीस हुकलं.

भिंग लावलं. चरा नव्हताच.
मेण.
एकाहत्तरच्या डिसेंबरातलं असणार.
खिडक्यांना काळे कागद, बाहेर भोंगा,
आणि आवाज अगदी बारीक करून
मेणबत्ती वाकवून नाव वाचणारे भाई.

लॅबमध्ये मेण काढायला झायलीन.
ते तबकडीलाही खाईल.
म्हणून बर्फ. प्लास्टिकच्या पिशवीत एक खडा,
त्या जागेवर, साठ आकडे मोजून,
मग दातकोरणीचं टोक,
समजूत काढत, काढत,
टक्.
राजगिऱ्याच्या दाण्याएवढा कण.

रात्री लावली.
ती जागा जवळ आली तशी मी उठलेच,
गुडघ्यावर हात देऊन, अर्धी.
आणि बाई सरळ पुढे गेली.
एक ओळ गायली,
आमच्या घरात पन्नासहून जास्त वर्षं कुणी न ऐकलेली.
साधीच. फार काही नाही तिच्यात.
यमकासाठी घातल्यासारखी.
पण तिच्यामागे सतार होती थोडी,
आणि एकदा, स्पष्ट, बाईनं श्वास घेतला.

मी तशीच, अर्धी उभी.
खोलीत चार पावलांची जागा रिकामी,
कुणीच चाललं नाही तिच्यावरून.

कुमुदला फोन केला. उचलला नाही.

कण बशीत आहे. टाकून द्यायला हवा.
पण हाताला जुनी खोड,
त्यानं केव्हाच एक छोटी बाटली शोधून
तारखेची चिठ्ठी चिकटवलीय,
आणि तारीख कुठली घालावी
यावर अडकलाय.

ताटाळ्यात सहा वाळताहेत.
पाच अजून धुवायच्या.
सकाळी ताटं लागतील.